पहिल्या पानावर काय येतं, आणि का

माध्यमांबद्दल दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात. पहिली, माध्यमं लोकांची डोकी फिरवतात. दुसरी, पेपरात काहीही छापून आलं तरी कुणाला काडीचा फरक पडत नाही. गंमत म्हणजे बहुतेक वेळा या दोन्ही तक्रारी एकच माणूस करत असतो, तीही एकाच बैठकीत.

दोन्हींत थोडं थोडं तथ्य आहे. ते वेगळं काढायचं तर आधी विचारावं लागतं, की प्रभाव म्हणजे नेमका कशावर? लोकांच्या मतावर, की लोकांचं लक्ष कुठे जातं त्यावर?

मतावर होणाऱ्या परिणामाचा सुरुवातीचा एक मोठा अभ्यास अमेरिकेत १९४० साली झाला. समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातल्या इरी काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या धामधुमीत, त्याच त्या मतदारांना महिनोन्‌महिने पुन्हा पुन्हा गाठलं. वर्तमानपत्रं आणि रेडिओ यांचा भडिमार चालू होता. तरी प्रचारामुळे एका उमेदवाराला सोडून दुसऱ्याकडे गेलेले लोक अगदी थोडे निघाले. बहुतेकांनी आपल्या आधीच्या मताला दुजोरा मिळेल तेवढंच उचललं होतं, आणि पेपरापेक्षा त्यांची भिस्त ओळखीतल्या एखाद्या जाणत्या माणसावर जास्त होती. अग्रलेख वाचून माणसं पक्ष बदलतात, हा संपादकांचा लाडका समज तिथेच बराचसा निकालात निघाला.

मग १९६८ साली मॅक्सवेल मॅकोम्ब्स आणि डोनाल्ड शॉ या दोघांनी प्रश्न जरा वेगळ्या बाजूने विचारला. नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपल हिल गावात, मत कुणाला द्यायचं हे अजून न ठरवलेल्या १०० मतदारांना त्यांनी विचारलं, की देशापुढचे महत्त्वाचे प्रश्न कोणते वाटतात? दुसरीकडे, त्या लोकांपर्यंत पोचणाऱ्या वर्तमानपत्रांत, साप्ताहिकांत आणि टीव्हीवर कोणत्या प्रश्नाला किती जागा मिळते याचं मोजमाप केलं. दोन्ही याद्यांचा क्रम जवळजवळ तंतोतंत जुळला. हा अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ‘अजेंडा सेटिंग’, म्हणजे लोकांनी कोणत्या प्रश्नांकडे बघायचं हे माध्यमांनी ठरवणं, हा शब्द रूढ झाला.

आता, याद्या जुळल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं लगेच म्हणता येत नाही. कदाचित लोकांना ज्याची चिंता आहे तेच पेपर छापत असतील. म्हणून १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला शँटो अय्यंगार आणि डोनाल्ड किंडर यांनी प्रयोग केला. काही लोकांना आठवडाभर टीव्हीच्या बातम्या दाखवल्या, पण त्यात गुपचूप फेरफार करून. एका गटाला संरक्षणाच्या बातम्या जास्त, दुसऱ्याला दुसऱ्याच कुठल्या प्रश्नाच्या. आठवड्याअखेरीस ज्यांनी संरक्षणाच्या बातम्या जास्त पाहिल्या, त्यांना संरक्षण हा प्रश्न आधीपेक्षा गंभीर वाटू लागला होता. म्हणजे बातम्यांनी लोकांचं लक्ष हलवलं होतं.

हीच या लेखाची दिशा आहे. माध्यमांची खरी ताकद निवडीत असते. काय समोर येतं, किती दिवस राहतं आणि काय कधीच येत नाही, हे ठरवण्यात ती असते. त्यामुळे माध्यमांवर दबाव आणणाऱ्यालाही प्रत्येक वेळी खोटं छापून घ्यावं लागत नाही. काही गोष्टी छापल्या गेल्या नाहीत तरी त्याचं काम भागतं.

पान कसं लागतं

संध्याकाळी पान लावायला बसलेल्या उपसंपादकासमोर कोरं पान येत नाही. जाहिराती आधीच बसलेल्या असतात. खाली अर्धं पान गृहप्रकल्पाची जाहिरात, कडेला दोन कॉलम निविदा सूचना. उरलेला जो वेडावाकडा तुकडा, त्यात जगाच्या बातम्या बसवायच्या. वृत्तसंस्थेकडून दिवसभर मजकूर येत राहतो, बातमीदारांच्या कॉपी, म्हणजे लिहून दिलेल्या बातम्या, येतात, सरकारी खात्यांच्या आणि कंपन्यांच्या प्रेसनोट येतात, वाचकांचे फोन येतात. यातलं बहुतेक सगळं बाहेर राहतं. जे आत येतं ते महत्त्वाचं असतं म्हणूनच येतं असं नाही. ते ताजं असतं, त्यात नावाजलेलं माणूस किंवा भांडण असतं, बरा फोटो असतो, आणि मुख्य म्हणजे अंक सुटायच्या आत ते हाताशी तयार असतं.

योहान गाल्टुंग आणि मारी रूगे या नॉर्वेच्या दोन संशोधकांनी १९६५ साली हे नीट मांडलं. वर्तमानपत्राचा ताल चोवीस तासांचा आहे, त्यामुळे चोवीस तासांत घडून संपणारी गोष्ट त्यात अलगद बसते. धरण बांधलं जात असतं तेव्हा ती बातमी नसते. उद्घाटनाची फीत कापली की बातमी होते. हाच नियम उलट्या बाजूनेही चालतो. पूल पडला की पहिलं पान. त्या पुलाची तपासणी वर्षानुवर्षं रखडलेली असते तेव्हा एक ओळही नाही, कारण तपासणी ‘न होणं’ कोणत्या तारखेला घडलं हे सांगता येत नाही. भूजलाची पातळी दरवर्षी थोडी खाली जाते, शाळा सोडणाऱ्या मुलींची संख्या हळूहळू वाढते, कामगारांच्या फुप्फुसात धूळ साठत जाते. यातलं काहीही ‘काल’ घडलेलं नसतं.

माध्यमं डावी की उजवी, यावर लोक तावातावाने भांडतात. माझ्या मते त्याहून मोठा पक्षपात हा आहे, की ती झटक्यात घडणाऱ्या गोष्टींच्या बाजूने आणि हळू घडणाऱ्या गोष्टींच्या विरुद्ध असतात. त्यासाठी कुणी वाईट हेतूचा असावा लागत नाही.

निवड झाली की मांडणी येते. समजा, मोर्चावर गोळीबार झाला आणि तीन माणसं मेली. त्याच मजकुरावर हे तीन मथळे देता येतात: ‘पोलिसांच्या गोळीबारात तिघे ठार’, ‘मोर्चाला हिंसक वळण, तिघांचा मृत्यू’, ‘शहरात तणावपूर्ण शांतता’. तिन्हींत खोटं काहीच नाही. पहिल्यात गोळी कुणी झाडली ते कळतं. दुसऱ्यात माणसं आपोआप मेल्यासारखी वाटतात आणि दोष मोर्चाकडे सरकतो. तिसऱ्यात तर मेलेली माणसंच गायब आहेत. हे मथळे बहुधा दहा मिनिटांत, कॉलमच्या रुंदीत अक्षरं किती बसतात ते बघत दिलेले असतात. दुसऱ्या दिवशी गावात चर्चा कशाची होणार, हे मात्र त्यातून ठरून जातं.

बातमी कुणाच्या तोंडून येते

बातमीदाराला रोज बातमी द्यावी लागते. त्यामुळे रोज माहिती देऊ शकेल असा माणूस त्याला लागतो. असा माणूस कुठे सापडतो? पोलीस ठाण्यात, मंत्रालयात, पक्षाच्या कार्यालयात, मोठ्या कंपनीच्या जनसंपर्क विभागात. जिच्या झोपडीवर बुलडोझर चालला त्या बाईकडे प्रवक्ता नसतो आणि प्रेसनोटही नसते. तिची बाजू घ्यायची तर तिथवर जावं लागतं, वेळ द्यावा लागतो, आणि संध्याकाळी कॉपी तर द्यायचीच असते. यातून बातम्यांत सत्तेचा आवाज आपसूक मोठा होतो. शिवाय ज्या अधिकाऱ्याकडून उद्याही बातमी हवी आहे, त्याच्याविरुद्ध आज लिहायला हात आखडतो. बीट, म्हणजे ठरावीक खात्याच्या बातम्या, सांभाळणाऱ्या कुणालाही विचारा, हा हिशेब रोजचा असतो.

वॉटरगेट प्रकरण या बाबतीत बोलकं आहे. जून १९७२ मध्ये वॉशिंग्टनमधल्या वॉटरगेट इमारतीत, डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात घुसलेले पाच जण पकडले गेले. ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे बॉब वुडवर्ड आणि कार्ल बर्नस्टीन यांनी तो धागा सोडला नाही, तो अध्यक्ष निक्सन यांच्याच माणसांपर्यंत पोचला, आणि ऑगस्ट १९७४ मध्ये निक्सन यांना पायउतार व्हावं लागलं. ही कथा सगळ्यांना ठाऊक असते. सहसा सांगितलं जात नाही ते असं, की हे दोघे शहराच्या बातम्या करणारे तरुण बातमीदार होते. व्हाइट हाउसमध्ये रोज ऊठबस असणारे ज्येष्ठ पत्रकार वेगळे होते. घरफोडीची बातमी घरफोडीसारखी हाताळायला हे मोकळे होते, कारण आतल्या गोटात त्यांना जपायचं काही नव्हतं. आणखी एक: निक्सन यांना एकट्या पेपराने घालवलं हे अर्धसत्य आहे. न्यायाधीश, सिनेटची समिती, विशेष वकील आणि सर्वोच्च न्यायालय, या सगळ्यांनी आपापलं काम केलं. पेपराने विषय मरू दिला नाही, हे त्याचं श्रेय, आणि ते लहान नाही.

उलट टोकाचं उदाहरण इराकचं. २००३च्या युद्धाआधी इराककडे महासंहारक अस्त्रं असल्याच्या बातम्या मोठमोठ्या पेपरांत झळकल्या. त्यांचा उगम बहुतांशी सरकारी अधिकारी आणि इराकी निर्वासित नेते हा होता. एक गट दुसऱ्याच्या माहितीला दुजोरा देत होता, आणि त्या दुजोऱ्यालाच पुष्टी समजलं गेलं. अस्त्रं सापडली नाहीत. २६ मे २००४ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या संपादकांनी आपल्या बातम्या पुरेशा काटेकोर नव्हत्या अशी कबुली छापली. मूळ बातम्यांपैकी कित्येक पहिल्या पानावर होत्या. कबुली आली दहाव्या पानावर.

तेव्हा बातमी वाचताना ती खरी की खोटी याच्या आधी एक साधा प्रश्न विचारावा: हे सांगितलं कुणी, आणि सांगून त्याला काय मिळतंय? ‘सूत्रांनी सांगितले’ असं असेल तर सूत्रं एक की दोन, एकमेकांना ओळखणारी की वेगवेगळी, कागद कुणी पाहिलाय का? आरोप ज्याच्यावर आहे त्याला विचारलं होतं का? आणि ज्याच्याबद्दल बातमी आहे तो स्वतः बातमीत बोलतोय का, की बाकीचेच त्याच्याबद्दल बोलतायत? हे शेवटचं वाचकांच्या नजरेतून फार वेळा निसटतं.

बातमी पोचली की काय होतं

क्रिमियाच्या युद्धात, १८५४च्या हिवाळ्यात, ब्रिटिश सैनिक शत्रूच्या गोळ्यांपेक्षा थंडी, पटकी आणि गलथान कारभाराने जास्त मरत होते. लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये विल्यम हॉवर्ड रसेल यांची पत्रं छापून येऊ लागली. स्कुटारीच्या लष्करी इस्पितळाचे हाल मात्र त्याच पेपराच्या थॉमस चेनरी यांनी जवळच्याच कॉन्स्टँटिनोपलहून, म्हणजे आजच्या इस्तंबूलहून, कळवले होते. श्रेय सगळं रसेलच्या खात्यावर जमा झालं. त्या बातम्यांनंतर फ्लॉरेन्स नाइटिंगेल परिचारिकांची तुकडी घेऊन निघाल्या. जानेवारी १८५५ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान ॲबरडीन यांचं सरकार पडलं. सैन्याने यातून धडा घेतला तो आपल्या पद्धतीने: १८५६ मध्ये सेनापतींनी शत्रूला उपयोगी पडेल असं लिहिणाऱ्या बातमीदाराला हाकलून देण्याचा हुकूम काढला.

याहून खोल जातो तो दुष्काळाचा मुद्दा. अमर्त्य सेन यांचं म्हणणं प्रसिद्ध आहे, की जिथे लोकशाही आहे आणि वर्तमानपत्रं बऱ्यापैकी मोकळी आहेत अशा स्वतंत्र देशात मोठा भूकबळीचा दुष्काळ पडलेला नाही. १९४३ मध्ये बंगालमध्ये माणसं लाखांनी मरत होती. मृतांचा आकडा २० ते ३० लाखांच्या घरात धरला जातो. युद्धकाळातल्या निर्बंधांमुळे पेपर बरेचसे गप्प होते. कोलकात्याचा ‘स्टेट्समन’ ब्रिटिश मालकीचा. त्याचे संपादक इयन स्टीफन्स यांनी २२ ऑगस्ट १९४३ रोजी रस्त्यावर मरून पडलेल्या माणसांची छायाचित्रं छापली. ज्या गोष्टीवर सरकारी वर्तुळात पांघरूण घातलं जात होतं, ती लंडनमध्ये नाकारता येईना. मदतीची चक्रं फिरली ती त्यानंतर, आणि तोवर फार उशीर झालेला होता.

चीनमध्ये १९५८ ते १९६१ या काळात त्याहूनही कितीतरी जास्त माणसं गेली. तिथलं उदाहरण अशासाठी महत्त्वाचं, की तिथे अंधारात फक्त जनता नव्हती. खालचे अधिकारी वरिष्ठांना खूश करायला धान्याच्या उत्पादनाचे फुगवलेले आकडे कळवत होते, आणि ते खोडून काढणारा एकही स्वतंत्र पेपर नव्हता. त्यामुळे कोठारात नसलेलं धान्य आहे असं धरून वसुलीचे हुकूम निघत राहिले. मोकळी माध्यमं ही सत्ताधाऱ्यांना डोकेदुखी वाटते. पण हुजऱ्यांनी वेढलेल्या सत्ताधाऱ्याला खरी बातमी कळण्याचा तोच एक रस्ता असतो.

सेन यांच्या याच मांडणीची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. ती त्यांनी आणि अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ यांनी स्वतःच दाखवली आहे. दुष्काळ टाळणारे हेच मोकळे पेपर रोजचं कुपोषण रोखू शकत नाहीत. कारण वर आलंच आहे. दुष्काळाला फोटो असतो, तारीख असते, जबाबदार मंत्री असतो. वजन न वाढणाऱ्या पोराला यातलं काहीच नसतं.

लक्ष हीच खरी तिजोरी कशी आहे, हे थॉमस आयझेनसी आणि डेव्हिड स्ट्रॉमबर्ग या दोघांच्या २००७च्या अभ्यासात लखलखीत दिसतं. १९६८ ते २००२ या काळातल्या जगभरच्या सुमारे ५,००० नैसर्गिक आपत्ती आणि त्यांना अमेरिकी सरकारने दिलेली मदत त्यांनी तपासली. आपत्ती ऑलिंपिकच्या वेळी आली असेल, तर तिला टीव्हीवर जागा कमी मिळे, आणि मदत मिळण्याची शक्यताही कमी होई. भूकंपाची तीव्रता तीच, मेलेली माणसं तितकीच. फरक इतकाच, की त्या आठवड्यात कुठेतरी शंभर मीटरची शर्यत चालू होती.

आता एक छोटी, कोरडी वाटेल अशी गोष्ट. युगांडात १९९१ ते १९९५ या काळात केंद्र सरकार प्राथमिक शाळांना जे अनुदान पाठवत होतं, त्यातलं सरासरी फक्त १३ टक्के शाळांपर्यंत पोचत होतं. बाकीचं मधल्या अधिकाऱ्यांच्या हातात मुरत होतं. हे उघड झाल्यावर सरकारने कोणत्या जिल्ह्याला किती रक्कम सोडली, याचे आकडे वर्तमानपत्रांत छापायला सुरुवात केली. मुख्याध्यापकाला आपल्या नावचे किती पैसे निघाले ते कळू लागलं, आणि तो जाब विचारू लागला. २००१च्या सुमारास पोचणारी रक्कम ८० टक्क्यांच्या वर गेली. एकट्या छापलेल्या आकड्यांनी हे झालं असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. त्याच काळात इतर सुधारणाही झाल्या होत्या, आणि अभ्यासकांनी ते दाखवूनही दिलं आहे. तरी यात ना शोधपत्रकारिता होती, ना खळबळजनक मथळा. आकड्यांचा एक तक्ता होता, आणि तो योग्य माणसाच्या हातात पडला होता.

याच यंत्राची काळी बाजू रवांडात दिसली. १९९३ मध्ये सुरू झालेलं आरटीएलएम हे रेडिओ केंद्र आधी गाण्यांमुळे आणि चटपटीत गप्पांमुळे लोकप्रिय झालं. मग तुत्सी लोकांना ‘झुरळं’ म्हणणं रोजचं झालं. एप्रिल १९९४ मध्ये कत्तल सुरू झाल्यावर याच केंद्रावरून माणसांची नावं आणि त्यांचे ठावठिकाणे सांगितले जात होते. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००३ मध्ये या केंद्राच्या दोन संस्थापकांना आणि ‘कांगुरा’ या वर्तमानपत्राच्या संपादकाला दोषी ठरवलं. २००७च्या अपिलात काही आरोप गळले, शिक्षा घटल्या, पण दोष कायम राहिला. हातात कोयता न घेताही कत्तलीत सामील होता येतं, यावर तिथे न्यायालयाची मोहोर उठली.

पैसा कुणाचा

१८३३ साली न्यूयॉर्कमध्ये बेंजामिन डे याने ‘सन’ नावाचं वर्तमानपत्र काढलं आणि किंमत ठेवली एक सेंट. तेव्हा इतर पेपर सहा सेंटला मिळत. एका सेंटात छपाईसुद्धा धड निघत नव्हती. पण खप इतका वाढला, की जाहिरातदार रांगेत उभे राहिले. तिथून या धंद्याचं गणितच फिरलं. वाचकाला बातमी विकायची, आणि वाचकाचं लक्ष जाहिरातदाराला. त्यामुळे गरिबाच्या हातात पेपर आला, हे मोठंच काम झालं. आणि दोनच वर्षांत, १८३५ मध्ये, याच ‘सन’ने चंद्रावर वटवाघळासारखे पंख असलेली माणसं दिसल्याची मालिका छापली, तीही जॉन हर्शेल या खऱ्याखुऱ्या खगोलशास्त्रज्ञाच्या नावावर. बनावट बातमी ही मोबाइलची देणगी आहे असं समजणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

जाहिरातदार संपादकाला फोन करून ‘हे छापू नका’ म्हणतो, असं चित्र अनेकांच्या डोळ्यांसमोर असतं. असं होतंही, पण कमी. मोठ्या जाहिरातदाराविरुद्धची बातमी बातमीदार स्वतःच सुचवत नाही, आणि फोनची वेळच येत नाही. सरकार हाच मोठा जाहिरातदार असेल, तर हिशेब आणखी सोपा होतो. आणि निवडणुकीच्या दिवसांत जाहिरातच बातमीचा वेष घालून आली, तर वाचकाला ताकास तूर लागत नाही.

पैशाच्या वाटेने गळा कसा आवळता येतो, याचा सुंदर नमुना कायद्याच्या इतिहासात आहे. भारत सरकारने १९५६च्या एका कायद्यान्वये आणि १९६०च्या आदेशाने वर्तमानपत्राची पानं आणि किंमत यांची सांगड घातली: इतकी पानं हवी तर किंमत किमान इतकी, आणि जाहिरातींच्या जागेवरही नियंत्रण. वरवर पाहता हेतू छोट्या पेपरांना वाचवण्याचा. ‘सकाळ’ न्यायालयात गेला. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये सांगितलं, की किंमत वाढवली तर वाचक घटतात, पानं कमी केली तर मजकूर घटतो, म्हणजे दोन्हीकडून अभिव्यक्तीलाच कात्री लागते. कायदा रद्द झाला. या निकालातली दृष्टी मला फार मोलाची वाटते. मजकुराला हात न लावता मजकूर कमी करता येतो, हे न्यायालयाने ओळखलं. पुढे १९७२ मध्ये कागदाच्या कोट्याबरोबर पानांवर घातलेली मर्यादाही अशीच मोडीत निघाली.

सरळसरळ सेन्सॉरशिप आता अनेक देशांत लाजिरवाणी मानली जाते. स्वीडनने तर १७६६ मध्येच कायदा करून छपाईआधीची तपासणी जवळपास संपवली होती. म्हणून नवे मार्ग निघतात, आणि त्यांतला सगळ्यांत स्वस्त म्हणजे खटला. दावा जिंकायचा नसतोच. समोरच्याला वकिलांच्या फीमध्ये आणि तारखांमध्ये दमवायचं असतं. माल्टाच्या पत्रकार डॅफ्ने कारुआना गालिझिया भ्रष्टाचाराच्या बातम्या देत. १६ ऑक्टोबर २०१७ रोजी गाडीत बॉम्ब ठेवून त्यांची हत्या झाली, तेव्हा त्यांच्यावर बदनामीचे चाळीसहून जास्त दावे चालू होते. बॉम्बची बातमी जगभर गेली. दावे त्याआधी वर्षानुवर्षं चालू होते आणि ती कुणाला बातमी वाटली नव्हती. युरोपीय संघाने २०२४ मध्ये अशा दाव्यांविरुद्ध निर्देश काढला, त्याला त्यांच्याच नावाने ओळखतात.

इंटरनेटने काय बदललं यावर इतकं लिहून झालंय, की इथे थोडक्यात. पूर्वी निवड संपादक करत असे. आता मोठा वाटा समाजमाध्यमांच्या कंपन्यांच्या गणिती सूत्रांकडे गेला आहे, आणि ती सूत्रं लोक कशावर थांबतात हे बघतात. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधकांनी ट्विटरवरच्या सुमारे १,२६,००० बातम्यांचा प्रवास तपासला. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्के जास्त निघाली. त्याचं खापर आपोआप चालणाऱ्या यंत्रखात्यांवर (बॉट्सवर) फोडता येईना, कारण पुढे ढकलण्यात माणसांचाच हात जास्त होता. संपादकाची निवड चुकली तर त्याचं नाव तरी अंकावर असायचं, निदान शिव्या घालायला. सूत्राला नाव नाही आणि ते दुरुस्तीही छापत नाही.

जाहिराती तिकडे गेल्या आणि लहान गावांचे पेपर बंद पडू लागले. त्याचा परिणाम अगदी रुक्ष ठिकाणी मोजला गेला. अमेरिकेत स्थानिक वर्तमानपत्र बंद पडल्यावर तिथल्या नगरपालिका आणि काउंटींना कर्ज महाग पडू लागलं, व्याज ०.०५ ते ०.११ टक्का इतकं वाढल्याचं २०२०च्या एका अभ्यासात आढळलं. कर्ज देणाऱ्यांचा विचार सरळ होता. सभेला कुणी बातमीदार बसत नसेल, तर पैसा कुठे मुरतो हे कोण सांगणार? आकडा दिसायला चिमुकला, पण कोट्यवधींच्या कर्जावर तो नागरिकांच्याच करातून भरला जातो. म्हणजे पेपरावर वाचलेले पैसे दुसऱ्या खिशातून जातातच.

मग पत्रकारितेचा खर्च कुणी करावा? चोख उत्तर अजून कुणाकडे नाही. ‘गार्डियन’ची मालकी १९३६ पासून स्कॉट ट्रस्टकडे आहे, नफा वाटून घेणारा मालक तिथे नाही, पण तोटा झेलायला मुळात तेवढी गंगाजळी लागते आणि ती फार थोड्यांकडे असते. बीबीसी घरोघरच्या परवाना शुल्कावर चालते. जाहिरातदाराचा धाक नाही, मात्र शुल्क किती हे सरकारशी वाटाघाटी करून ठरतं. धनाढ्य मालक पैसा ओततो, त्याचे इतर धंदेही असतात आणि त्या धंद्यांना परवाने लागतात. देणगीवर चालणाऱ्या संस्था उत्तम शोधबातम्या करतात, पण रोजची नगरपालिकेची सभा देणगीदाराला रोमांचक वाटत नाही. वर्गणीदार वाचक हा यातल्या त्यात बरा मालक. पण वर्गणी परवडणाऱ्यांपुरतीच खरी बातमी उरते आणि बाकीच्यांच्या वाट्याला फुकटचा गाळ येतो. शिवाय वर्गणीदारालाही न आवडणारी बातमी असतेच, आणि ती छापली की तोसुद्धा वर्गणी बंद करतो.